कोयासान पायी: १८० दगडांची वाट

जपानमधल्या कोयासान या बौद्ध मठांच्या डोंगरावर ओसाकाहून गाडी आणि केबल कारने दोनेक तासांत पोचता येतं. आम्ही मात्र कुदोयामा स्टेशनला उतरून जुन्या वाटेने वर गेलो. स्टेशनपासून जिसोन-इन मंदिर वीस-पंचवीस मिनिटांवर. कोयासान वसवणाऱ्या कूकाई या भिक्षूची आई इथेच राहिली, कारण तेव्हा बायकांना डोंगरावर मज्जाव होता. मंदिरात आजही कापडी स्तनांचे नवस टांगलेले दिसतात.

मागच्या दगडी पायऱ्यांच्या कडेला पहिला दगड उभा आहे, पण त्यावर आकडा १८०. मोजणी वरून खाली केलेली, त्यामुळे चढताना आकडा घटत जातो. हेच या वाटेचं घड्याळ. दोन दगडांत एक चो हे जुनं जपानी अंतर, म्हणजे १०९ मीटर. आकडे चिनी चिन्हांत असतात; एक ते दहा आणि शंभर, एवढी अकरा चिन्हं पाठ केली की काम भागतं. दगड पुरुषभर उंचीच्याही वर, माथ्याला पाच महाभूतांचे पाच थर. अंगावर कोरलेलं बीजाक्षर सिद्धम लिपीतलं, ब्राह्मीच्याच कुळातलं. शेवाळ्याआडून अनुस्वाराचा ठिपका दिसला की मराठी डोळा तिथेच थबकतो.

तासाला २५ दगड हा हिशोब धरा, म्हणजे चालणंच सात तासांचं. सकाळी साडेसातला निघालात तर साडेतीनपर्यंत वर. दहाला निघणारे फसतात: मंदिरातल्या मुक्कामाचं जेवण संध्याकाळी साडेपाच-सहालाच वाढतात आणि उशिरा आलेल्यासाठी कुणी थांबत नाही. शिवाय उंच सूचिपर्णी झाडांच्या दाटीत अंधार लवकर पडतो.

खरा दम निघतो तो सुरुवातीलाच, पर्सिमन या फळाच्या बागांतून. तिथे घाई केली की पुढे पोटऱ्या वळतात. मधली वाट बरीचशी सपाट आहे, पण पाऊस पडून गेला असेल तर ओल्या मुळांवरून पाय हमखास सटकतो; उघड्या मुळावर पाय न देता दोन मुळांच्या मधल्या मातीत द्यायचा. ६० आकड्याच्या दगडाच्या आसपास यातते हा थांबा लागतो. इथे वाट डांबरी रस्ता ओलांडते. पाणी भरून घ्या. चहाचं दुकान उघडं असलं तर भाजलेला मोची (तांदळाचा चिकट गोळा) खा, पण जेवणाची भिस्त त्यावर ठेवू नका. डबा खालूनच आणावा.

शेवटची चढण उभी आहे. ती संपते तीच दाइमोन या २५ मीटर उंच लाल दरवाजासमोर. तिथून गारान या मंदिरसमूहाच्या आवारातला १ आकड्याचा दगड जवळच. त्यापुढे ओकुनोइन इथल्या कूकाईच्या समाधीपर्यंत आणखी ३६ दगड आहेत. ते दुसऱ्या दिवशी सकाळी.