लोणारचे जिवाणू आणि 104 दिवस अडकलेली फाईल

11 जून 2024 ला मी आमच्या विद्यापीठातल्या एका कार्यालयात परवानगीचा अर्ज दिला. त्यावर सही झाली 23 सप्टेंबरला. जिनोमचा, म्हणजे सजीवाच्या संपूर्ण डीएनएचा, डेटा सार्वजनिक साठ्यात (कोणालाही वापरता येईल अशा ऑनलाइन संग्रहात) जमा करायची वेळ तुमच्यावर येणार असेल, तर निदान तुमचे तरी हे दिवस वाचावेत म्हणून लिहिते आहे.

काम थोडक्यात असं होतं. लोणार सरोवराचं पाणी खारट आणि अल्कधर्मी, सामू 10 च्या आसपास. कमळजा देवीच्या देवळाजवळच्या काठावरून गाळ आणला, त्यातले जिवाणू वाढवले, सहा निवडले आणि त्यांच्या डीएनएचं सिक्वेन्सिंग (अक्षरक्रम वाचणं) बाहेरून करून घेतलं. वनविभागाची परवानगी, प्रयोगशाळेतलं काम, सिक्वेन्सिंग, सगळं वेळेत झालं. हार्ड डिस्कवर 12 फाईली आल्या, प्रत्येक जिवाणूच्या दोन. लॅबच्या संगणकाला 8 जीबी रॅम, त्यावर जिनोमची जुळणी, म्हणजे वाचलेले तुकडे परत सलग जोडणं, कठीण. ती मी गॅलेक्सी या जैविक डेटाच्या विश्लेषणासाठीच्या खुल्या सर्व्हरवर केली, एक रुपया न देता.

पेपर पाठवला. संपादकांचं उत्तर आलं: मूळ रीड्स (यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे) सार्वजनिक साठ्यात ठेवा आणि तिथला नोंदीचा क्रमांक कळवा, मुदत 60 दिवस. मागणी अगदी रास्त होती. माझ्या सहांपैकी एक जिवाणू नवी प्रजाती असावा असं मी लिहिलं होतं, ते तुलनेच्या बळावर. जवळच्या प्रजातींच्या जिनोमशी त्याचं साम्य 95 टक्क्यांच्या खाली भरलं, आणि एकाच प्रजातीची म्हणून जी रेघ मानतात ती साधारण तिथेच आहे. ज्यांच्याशी तुलना केली ते जिनोम कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी खुले करून ठेवले होते. त्यांनी ते आपल्या कपाटात ठेवले असते तर माझ्या हातात काय उरलं असतं? मग माझे कपाटात ठेवायचा मला काय अधिकार?

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "आधी ऑफिसला कळव, मागाहून भानगड नको."

टेबलावरच्या मॅडमनी अर्ज वाचला आणि विचारलं, "पार्सल कुठे जाणार?"

"पार्सल नाही मॅडम, फाईली आहेत. इंटरनेटवरून जातात."

"बरं, मग कोणाला देणार?"

"कोणा एकाला नाही. ज्याला हव्या त्याला."

त्यांनी अर्ज बाजूला ठेवला. त्यांना मी दोष देत नाही, कारण या कामासाठी त्यांच्याकडे फॉर्मच नव्हता. होता तो जैविक नमुना दुसऱ्या संस्थेला पाठवतानाच्या कराराचा. तोच भरायला सांगितला. नमुन्याचं वजन किती, पॅकिंग कोणतं, नमुना घेणाऱ्या संस्थेच्या अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. मी रकाने रिकामे ठेवले, तर "अपूर्ण" असा शेरा मारून फॉर्म परत. "लागू नाही" लिहिलं, तर त्रुटी काढली की घेणाऱ्याची सही नसताना करार होत नाही. सही कोणाची आणणार? जगातला कोणीही विद्यार्थी उद्या त्या फाईली उतरवून घेईल, त्याची सही मी आज कुठून आणू? जुलै असाच गेला.

मग प्रश्न आला शुल्काचा. डेटा ठेवायला पैसे लागत नाहीत म्हटल्यावर संशय वाढला. "फुकट कोण ठेवतं? म्हणजे ते आपल्या डेटाचं काहीतरी करणार." फाईल कायदेशीर मतासाठी गेली आणि ऑगस्टभर तिथे राहिली. मी मंगळवारी आणि शुक्रवारी जात होते. साहेब दौऱ्यावर, साहेब मीटिंगला, गणपतीची सुट्टी. संपादकांना मुदतवाढ मागितली, त्यांनी सप्टेंबरअखेर दिली. शेवटी फाईल माझ्या हातात आली तेव्हा तिच्यावर नऊ सह्या होत्या. नऊ माणसांनी ती पुढे सरकवली, आणि हा डेटा म्हणजे नेमकं काय, हे एकानेही मला बोलावून विचारलं नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

सुटका झाली ती वनस्पतिशास्त्रातल्या एका सीनियर ताईमुळे. ती म्हणाली, "तो फॉर्म विसर. साधं टिपण लिही, एक पान, आणि मराठीत लिही." मी त्याच रात्री लिहिलं. विद्यापीठातून कोणतीही नळी, गाळ किंवा जिवाणू बाहेर जाणार नाही. जाणार आहेत ती फक्त डीएनएची अक्षरं, ए, टी, जी आणि सी. मालकी साठ्याकडे जात नाही, श्रेय आमच्या नावावर राहतं. खुलं करायची तारीख आम्ही ठरवतो, पेपर छापून येईपर्यंत डेटा झाकून ठेवता येतो. आणि सार्वजनिक पैशातून तयार झालेला जैविक डेटा वाटला जावा यासाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने जुलै 2021 मध्ये 'बायोटेक-प्राइड' नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यांची प्रत मागे जोडली.

शुक्रवारी 20 सप्टेंबरला टिपण दिलं, सोमवारी सही. अधिकारी माझ्यासमोर पान वाचून म्हणाले, "एवढंच होतं तर आधी का नाही सांगितलंत?" मी काही बोलले नाही. घरी आल्यावर जूनमधला माझा अर्ज काढून पाहिला. तो इंग्रजीत होता, आणि त्यातली निम्मी वाक्यं मी संपादकांच्या पत्रातून जशीच्या तशी उतरवली होती. इतका माझा दोष मला मान्य आहे.

प्रत्यक्ष डेटा जमा करायला किती वेळ लागला? दोन दुपारी. अमेरिकेतल्या एनसीबीआय या सरकारी जैविक माहिती केंद्राच्या साठ्यात खातं उघडलं, आधी प्रकल्पाची नोंद, मग सहा नमुन्यांची, मग फाईली. सगळ्या मिळून जेमतेम 3 जीबी. क्रमांक ईमेलने आले. अडखळले ते एकाच ठिकाणी, माझ्या वहीमुळे: एका नमुन्यापुढे मी जागा म्हणून फक्त "झाडाखाली" लिहिलं होतं. नमुना घेताना तिथेच फोनवर अक्षांश-रेखांश बघा आणि दशांशात लिहा. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहायची सवय लावा. फोटोत वेळ आणि जागा साठवलेली होती म्हणून मी वाचले.

आणखी आठवतं ते सांगते. सिक्वेन्सिंगची ऑर्डर देतानाच छाटणी न केलेल्या मूळ फास्टक्यू फाईली (रीड्स ज्यात येतात त्या) हव्यात असं लेखी घ्या, आणि डिस्क आली की त्याच दिवशी एमडी-5 आकडे (प्रत्येक फाईलचा जणू अंगठ्याचा ठसा) जुळवून पाहा. फाईल वाटेत बिघडलेली असली तर तेव्हाच कळतं. भारतातच ठेवायचं असेल तर 2022 मध्ये सुरू झालेलं फरिदाबादचं भारतीय जैविक डेटा केंद्र आहे. तिथला क्रमांक चालेल का, हे तुमच्या संपादकांना आधी विचारा. माणसाचा डीएनए असेल तर माझा अनुभव लावू नका. तिथे संमतीपत्र आणि नैतिकता समितीची मान्यता लागतेच, आणि असा डेटा सरसकट खुला करायचाही नसतो. अर्ज दिला की आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. आणि परवानगीचं टिपण पेपर लिहून झाल्यावर देऊ नका. नमुने आणायला निघायच्या आधी द्या. मी तसं केलं असतं तर ते 104 दिवस जिवाणू वाढवण्यातच निघून गेले असते आणि मला जाणवलेही नसते.

पेपर आल्यावर मी डेटा खुला केला. अमेरिका, युरोप आणि जपान इथले तीन साठे आपसात डेटाची देवाणघेवाण करतात, एकात ठेवलं की तिन्हीकडे दिसतं. काही दिवसांनी मी केंब्रिजजवळच्या युरोपीय साठ्यात माझा क्रमांक टाकून पाहिला. सहाही नोंदी तिथे पोचल्या होत्या आणि प्रत्येकीसमोर जागेच्या रकान्यात लिहिलं होतं: भारत, महाराष्ट्र, लोणार. मी तो पडदा सरांना दाखवला, मग आईला फोन केला.

टिपणाची प्रत आता आमच्या विभागात आहे. गेल्या महिन्यात एका ज्युनिअरने त्यात नावं आणि तारखा बदलून तेच दिलं. तिची सही आठव्या दिवशी झाली.