तुम्ही विचारलंत म्हणून: जास्त पैसे मोजून सेंद्रिय का घेतात?

गोव्यातल्या फोंड्यात सेंद्रिय धान्याचे आणि भाजीचे लहानसे दुकान चालवत असल्यामुळे, जवळजवळ दुप्पट भाव देऊन लोक हा माल का नेतात, असे मला नेहमी विचारले जाते. गिऱ्हाइकांना विचारले तर बहुतेक जण आरोग्याचे कारण सांगतात आणि ते खरेही असते. घरात बाळाला पेज-भात सुरू झाला किंवा कोणाच्या रक्ततपासणीत नको ते निघाले, की माणूस पहिल्यांदा दुकानाची पायरी चढतो. पोषणमूल्य जास्त मिळते या समजुतीला मात्र भक्कम आधार नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली दोनशेहून अधिक अभ्यास तपासले, तेव्हा जीवनसत्त्वांत फारसा फरक आढळला नाही. कीटकनाशकांचे अवशेष मात्र सेंद्रिय मालात कमी वेळा सापडले. म्हणजे गिऱ्हाइकाची भीती अगदीच निराधार नाही.

गोव्यात या भीतीला आणखी एक बाजू आहे. आपली बरीचशी भाजी बेळगावहून घाट उतरून येते आणि तिच्यावर काय फवारले, हे विचारायला समोर कोणी नसते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाटी घेऊन बसलेल्या बाईला ते विचारता येते, आणि म्हणूनच गावठी म्हणजे सेंद्रिय असे पुष्कळांनी धरून चालले आहे. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतातल्या, कोरगुट भाताच्या किंवा पावसात आपोआप उगवणाऱ्या तायकिळ्याच्या (टाकळ्याच्या) बाबतीत ते बहुतांशी बरोबर ठरते. पण परसातल्या मिरचीवरही औषध मारता येतेच. माझ्याकडे येणाऱ्या एक काकी तांबड्या भाजीची जुडी उजेडात धरतात, पानांना भोके दिसली की समाधानाने पिशवीत टाकतात. भोक एवढेच सांगते की कीड येऊन गेली; ती आल्यावर कोणी फवारणी केली की नाही, हे भोकाला विचारून उपयोग नाही. काकींना हे सांगून पाहिले; त्या हसल्या आणि पुढची जुडी उजेडात धरली.

केंद्राच्या २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार सेंद्रिय म्हणून विकायच्या मालाला प्रमाणपत्र लागते आणि पाकिटावर 'जैविक भारत'चे चिन्ह असते. बारा लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या लहान शेतकऱ्याने थेट खाणाऱ्याला विकले तर त्याला यातून सूट आहे. चिन्ह पाहून घेणारे गिऱ्हाईक बहुधा डाळ, गूळ आणि तेल नेते. भाजी घेताना तेच गिऱ्हाईक शेत कोणाचे, सत्तरी तालुक्यातले की पेडण्यातले, हे विचारते. माती आणि पाणी वाचावे म्हणून घेणारेही आहेत, पण थोडे, आणि त्यांतल्या बहुतेकांचे स्वतःचे कुळागर, म्हणजे नारळी-पोफळीची बाग, असते. भाव चढला की आधी साखर आणि तेल यादीतून गळते. मुलाच्या पेजेचे तांदूळ सगळ्यांत शेवटी.