नृत्यरचनेचा पुरावा आणायचा कुठून?

नृत्य शिकवणाऱ्या प्राध्यापकाची बढतीची फाईल नेमकी कुठं अडते हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिते. भरतनाट्यम बेळगावात शिकले, एम.ए. पुण्याच्या ललित कला केंद्रात, मग नेट (प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा), पीएच.डी. आणि कर्नाटकातल्याच एका विद्यापीठात नोकरी. पीएच.डी. असली की सहायक प्राध्यापकाला लेव्हल 10 वरून 11 ला, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीत, जायला 4 वर्षं पुरतात, एम.फिल.सुद्धा नसेल तर 6 लागतात. त्यामुळे मी निवांत होते.

शोधनिबंध सरळ पुढे गेले. फाईलमधल्या, मी बसवलेल्या नृत्यरचनांच्या यादीवर मात्र कारकुनांचं बोट थांबलं. "पुरावा?"

मी निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा पुढे केला. खानापूर, निपाणी, शहापूर, वडगाव. गणेशोत्सव, शिवजयंती, शाळांचे वाढदिवस. त्यांनी एकेक उलटून पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, ह्यात तुमचं नाव कुठं आहे, दाखवा की."

नव्हतंच. आपल्याकडची पत्रिका काढून बघा एकदा. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, दीपप्रज्वलन करणारे, प्रतिमापूजन करणारे, देणगीदार, सगळे नावानिशी. खाली उरलेल्या जागेत "सायं. 7 वा. नृत्याविष्कार". तासाभराचा कार्यक्रम जिनं बसवला तिचा पत्ता नाही, मंडपवाल्याचा मोबाईल नंबर मात्र ठळक! कारकुनापेक्षा मला ह्या पत्रिकांचाच राग जास्त आला.

मग मंडळांकडून पत्रं मागायला फिरले. अध्यक्ष दरवर्षी बदलतात. जुन्यांकडे शिक्का नाही, नव्यांना कार्यक्रम आठवत नाही. एका काकांनी अगत्यानं चहा पाजून पत्र दिलं, पण त्यात लिहिलं "नृत्य सादर केले". म्हणजे नाचणारी मीच! फाईल परत. पुढच्या खेपेला नवंच निघालं: मराठी पत्रं चालणार नाहीत, कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर साक्षांकित करून जोडा. ह्यावर भांडायला सीमाभागात उभा जन्म पडलाय. मला फाईल सरकवायची होती, म्हणून भाषांतरं करून घेतली. व्हिडिओचा पेनड्राइव्ह तर त्यांनी हातातही घेतला नाही.

म्हणून सांगते, पत्र कार्यक्रमाच्या रात्रीच घ्या, मानधनाच्या पाकिटाबरोबर. लेटरहेड, गोल शिक्का, तारीख, रचनेचं नाव, कालावधी आणि "नृत्यदिग्दर्शन" हा शब्द. पाकीट नंतर आलं तरी चालेल. (येत नाही, ते वेगळं.) आणि पत्रिका छापायला जाण्याआधी तिचा मजकूर बघायला मागा. लाजू नका.

वाट दाखवली ती एका वकील मैत्रिणीनं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना 'नाट्यकृती'त धरली आहे. फक्त ती लिहून किंवा दुसऱ्या कुठल्या रीतीनं पक्की केलेली हवी. मग मी माझी मोठी रचना कागदावर उतरवली: आदितालाची (आठ मात्रांच्या तालाची) आवर्तनं, कुठल्या आवर्तनात कोणता अडवू (भरतनाट्यमची मूळ पाऊलरचना), कुणी रंगमंचावर कुठून कुठं जायचं, सगळ्याचे तक्ते. कॉपीराइट नोंदणीचा अर्ज ऑनलाइन, फी एका कृतीला 500 रुपये. डायरी नंबर (अर्जाचा क्रमांक) मिळाला की हरकतींसाठी 30 दिवस थांबायचं, आणि त्यानंतरच्या तपासणीला किती लागतील ते विचारू नका. पण केंद्र सरकारचा तो नोंदणीचा कागद आल्यावर त्याच टेबलावर लगेच ठप्पा पडला. तक्ते कुणी उघडूनही पाहिले नाहीत.

नेट देणाऱ्यांसाठी एक राहिलं. तिथं नृत्य आणि नाटक एकाच विषयात येतात, तेव्हा नाटकाचाही अभ्यास करा. आणि नेट नसलेल्या कलाकारांनी 2018 चे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) नियम वाचावेत. पदवीधर, नामवंत गुरूकडे शिकलेला, आकाशवाणी-दूरदर्शनचा 'ए' श्रेणीचा आणि विषय उदाहरणांसह समजावून शिकवू शकणारा कलाकार सहायक प्राध्यापक होऊ शकतो. फक्त त्या श्रेणीच्या पत्रावर स्वतःचं नाव नीट आहे ना, एवढं बघून घ्या.