जिन्याखालचा पेंटियम

२००३ साली इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरात फोनची लाइन एक होती आणि नेट लागणारी माणसं तीन. ताईचं एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, माझं इंजिनिअरिंगचं तिसरं, आणि वरच्या मजल्यावर काकू. तिचा मुलगा, आमचा दादा, नोकरीसाठी परदेशी गेला होता आणि दिवसाआड मेल पाठवायचा. फोनच्या लाइनीवरून नेट जोडून देणारा मॉडेम मात्र माझ्या कॉम्प्युटरला. काकू हातातलं काम टाकून जिना उतरायची, मी काहीतरी डाउनलोडला लावलेलं दिसलं की दारातूनच म्हणायची, "राहू दे रे, तुझं झालं की हाक मार." मी हाक मारेपर्यंत कधी वीज गेलेली असायची, कधी तिची कणीक मळायला घेतलेली असायची. आईला मुलाचं पत्र वाचायचं तर पुतण्याची वाट बघावी लागते, हे मला अजिबात पटत नव्हतं.

दादाचा जुना कॉम्प्युटर तिच्या खोलीत होताच. अडचण अशी की फोन लावला की प्रोव्हायडर एकच आयपी पत्ता, म्हणजे नेटवर कॉम्प्युटरची ओळख असलेला आकडा, द्यायचा, तोही दर वेळी वेगळा. कॉलेजच्या लॅबमध्ये एका सीनियरने सांगितलं, लिनक्समध्ये यावर मास्करेडिंग आहे. मधलं मशीन आतल्या सगळ्यांची पॅकेटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, स्वतःच्या पत्त्यावरून पाठवतं, कोणतं कोणाचं याची नोंद ठेवतं, आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला पोचवतं. मला आमचे आजोबाच आठवले. घरातल्या सगळ्यांची पत्रं त्यांच्या नावाने, 'द्वारा' लिहून यायची, आणि ते बैठकीत चष्मा लावून ज्याची त्याला वाटायचे.

मधलं मशीन म्हणून बाबांच्या एका मित्राने दुकानातून काढलेला जुना कॉम्प्युटर दिला, पेंटियम १३३ प्रोसेसरचा. ६४ एमबी रॅम, दोन जीबीची डिस्क. रेड हॅट या लिनक्सचं ९ नंबरचं व्हर्जन तेव्हा आलेलं होतं, पण मी ७.३ टाकलं, नुसतं टेक्स्ट मोडमध्ये. मशीनला ते पेलत होतं, आणि २.४ चं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, असल्याने पॅकेटांचे नियम ठरवणारं आणि मास्करेडिंग करणारं आयपीटेबल्स त्यात होतंच. ते ठेवलं जिन्याखाली, कारण फोनची पेटी तिथेच. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना आधी चालतो त्या प्रोग्रॅममध्ये, एक सेटिंग बदललं, की कीबोर्ड नसला तरी थांबून न राहता सुरू व्हायचं.

अडलं मॉडेमवर. माझ्याकडचं कार्ड आत बसणारं होतं. तशा स्वस्त कार्डांमध्ये मॉडेमचं बरंचसं काम विंडोजचा ड्रायव्हर प्रोसेसरकडूनच करून घेतो; लिनक्ससाठी ड्रायव्हर मिळाला नाही तर ते कार्ड असून नसल्यासारखं. दोन रात्री त्यात घातल्या आणि तिसऱ्या दिवशी जेल रोड गाठला. सिरियल पोर्टला लागणारा, बाहेर ठेवायचा ५६ केचा मॉडेम हवा म्हटल्यावर दुकानदाराने विचारलं, "भिया, लिनक्स पे चलाना है क्या?" तो प्रश्न ऐकून मला इतका आनंद झाला की नेटवर्क कार्डं, सगळी मशीनं एकत्र जोडणारं पाच पोर्टचं हब आणि केबल, सगळं तिथेच घेतलं. केबलची टोकं त्यानेच क्रिम्प करून दिली.

डब्ल्यूव्हीडायल या फोन लावून देणाऱ्या प्रोग्रॅमने मॉडेम स्वतःच शोधला. हबवरचे दिवे लागले, जिन्याखालच्या मशीनला १९२.१६८.०.१ हा घरातला पत्ता दिला, मास्करेडची ओळ टाकली, आयपी फॉरवर्डिंग, म्हणजे एकीकडची पॅकेटं दुसरीकडे पुढे पाठवणं, सुरू केलं. तरी ताईच्या मशीनवर एक पान उघडेना. आकड्यांनी पिंग केलं, म्हणजे समोरच्या मशीनला हाक मारली, तर उत्तर येत होतं, नावाने येत नव्हतं. नावावरून आकडा सांगणाऱ्या डीएनएसचे पत्तेच तिच्या मशीनवर भरायचे राहिले होते. ते भरले आणि रात्री अकराला तिन्ही मशीन एकदम चालली. एक एमबी यायला चार मिनिटं, आणि तेही तिघांत वाटून. पण मेलला किती लागतं? थोड्या वेळाने वरून हाक आली, "माझं झालं रे, आता तू बस." मी जिन्यातूनच ओरडलो, "काकू, मी पण बसलोच आहे!"

मग फोनवरची जोडणी सांभाळणाऱ्या पीपीपीडी या प्रोग्रॅमला 'डिमांड'वर, म्हणजे मागणी आली की चालण्यावर, ठेवलं. कोणी पान मागितलं की तो फोन लावणार, पाच मिनिटं कोणी काही मागितलं नाही की ठेवून देणार. पहिलं पान बहुतेक वेळा उघडायचं नाही, कारण लाइन लागायच्या आधी निघालेल्या पॅकेटवर तात्पुरता पत्ता असायचा. एकदा रिफ्रेश केलं की चालू. हे मी सगळ्यांना समजावून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी आजोबा म्हणाले, "अरे, दुपारी डोळा लागला की तुझं यंत्र आपलं आपण किंचाळतं." लॉग उघडला. दोन ते चारच्या दरम्यान सात वेळा फोन लागला होता, आणि त्या वेळी घरात कोणीच नेटवर नव्हतं. सात वेळा म्हणजे बिलातही सात कॉल. दुसऱ्या दिवशी दुपारी मी येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट दाखवणारं टीसीपीडंप लावून जिन्याखाली बसलो. वीस मिनिटं काहीच नाही. मग एक ओळ सरकली आणि मॉडेम डायल करू लागला. पॅकेट काकूच्या मशीनवरून आलं होतं, निघालं होतं १३७ नंबरच्या पोर्टवरून, म्हणजे मशीनच्या त्या नंबरच्या दारातून, आणि चाललं होतं ५३ वर, डीएनएसकडे. विंडोज ९८ नेटवर्कवर आपले शेजारी नावाने शोधत असतं, आणि घरात सापडलं नाही की बाहेर डीएनएसला विचारतं. तेवढ्या एका प्रश्नासाठी फोन लागत होता.

दादाचा मेल आलाच तर लगेच बघता यावा म्हणून काकू कॉम्प्युटर दुपारभर चालू ठेवायची. "वाचून झालं की बंद करत जा," एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण मग पुन्हा तेच: तिने काय करायचं ते मी ठरवायचं. मी ते सांगितलं नाही. १३७ वरून निघालेलं काहीही बाहेर सोडायचं नाही, अशी एक ओळ आयपीटेबल्समध्ये घातली, आणि सुरुवातीला चालणाऱ्या फाइलमध्ये तिच्या वर रोमन लिपीत शेरा लिहून ठेवला: 'काकूचं मशीन चालू राहू दे.' त्या दुपारी आजोबा चार वाजेपर्यंत झोपले.

त्या उन्हाळ्यात वीज रोज तासन्‌तास जायची, आणि दर वेळी ते मशीन धाडकन बंद पडायचं. डिस्कवर ईएक्सटी३ ही फाइलव्यवस्था होती, बदलांची नोंद जर्नलमध्ये ठेवणारी, म्हणून निभावलं. वीज आली की जर्नल वाचून मिनिटभरात उभं राहायचं, लांबलचक तपासणीची वेळ यायची नाही.

दिवाळीला दादा आला. फराळ व्हायच्या आधीच काकू त्याला जिन्याखाली घेऊन गेली आणि मॉडेमवरच्या दिव्यांवर बोट ठेवत सांगू लागली, "हा ओएच लागला की फोन उचललाय. हा सीडी लागला की समोरून जोडलं गेलं. आणि हे दोन लुकलुकताहेत ना, ते ताई वर काहीतरी वाचते आहे. तुला बसायचं तर बस, तिचं थांबत नाही."