साइटवरची डिप्लोमावाली आणि पीएमपी

१४ जानेवारी २०२४

पीएमपीचा, म्हणजे ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल’ या प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राचा, अर्ज आज भरायला घेतला. पात्रतेची अट वाचली त्याच दिवशी ठरवलं होतं, ही परीक्षा द्यायचीच. चार वर्षांची पदवी असेल तर प्रकल्प चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो, नसेल तर ६० महिन्यांचा. दोघांनाही तो मागच्या आठ वर्षांतला हवा, आणि सोबत ३५ तासांचं प्रशिक्षण. म्हणजे डिप्लोमावाल्यांना दार बंद नाही. दोन वर्षं जास्त काम केल्याचं दाखवा आणि त्याच परीक्षेला त्याच रांगेत बसा.

ही किती मोठी गोष्ट आहे, ते डिप्लोमा करून थेट साइटवर उतरलेल्यालाच कळेल. दहावीनंतर पॉलिटेक्निक, मग हेल्मेट, लेव्हल मशीन, खडी-वाळूची चलनं. पाणीपुरवठ्याची अख्खी योजना आपण उभी करतो, विहिरीपासून शेवटच्या नळापर्यंत. पण प्रोजेक्ट मॅनेजरच्या जागेची जाहिरात निघाली की पहिलीच ओळ ‘बी. ई. सिव्हिल’. याचं मला आजवर वाईट वाटत आलंय आणि ते लपवायचं काही कारण नाही.

२१ जानेवारी

अर्जातला अनुभवाचा भाग लिहिताना दिवस गेला. प्रत्येक प्रकल्पाचं उद्दिष्ट, आपली भूमिका आणि निष्पत्ती थोडक्यात मांडायची. ‘रायझिंग मेनचे (पाणी टाकीत चढवणाऱ्या वाहिनीचे) पाइप टाकले’ एवढं लिहून भागत नाही. काय ठरवलं, कोणाशी बोलून ठरवलं, त्यातून काय निघालं, ते सांगावं लागतं. दोन कामं एकाच वेळी चालू असतील तर ते महिने एकदाच धरतात. काही अर्ज पडताळणीसाठी निवडले जातात, तेव्हा अनुभवावर जुन्या साहेबांची सही आणावी लागते. म्हणून आधीच्या दोन्ही साहेबांना फोन करून विचारून ठेवलं. दोघंही लगेच हो म्हणाले. एक तर म्हणाले, “अगं, ती योजना तूच चालवलीस, मी फक्त बिलांवर सह्या केल्या.” हे वाक्य मुद्दाम इथे उतरवून ठेवतेय.

११ फेब्रुवारी

आज अर्न्ड व्हॅल्यू, म्हणजे झालेल्या कामाची किंमत नियोजनाशी आणि खर्चाशी ताडून बघायची पद्धत. या विषयावर मला भरपूर लिहायचंय, कारण साइटवर रोज बोलायच्या गोष्टी इथे आकड्यांत बसतात.

समजा, उंच टाकीचं काम ८० लाखांचं आहे. आजच्या तारखेला ४० लाखांचं काम व्हायला हवं होतं. मोजमाप पुस्तकाप्रमाणे झालंय ३० लाखांचं, आणि खर्च झालाय ३६ लाख. ऑफिसातून फोन येतो तेव्हा प्रश्न एकच असतो, “खर्च किती झाला?” ३६ म्हटलं की पलीकडून समाधानाचा सूर येतो. ४० धरले होते, म्हणजे चार लाख वाचले! प्रत्यक्षात ३० लाखांच्या कामाला ३६ लाख गेलेत. ३० भागिले ३६, म्हणजे ०.८३. खर्च केलेल्या प्रत्येक रुपयामागे ८३ पैशांचंच काम उभं राहिलंय. वेळेचा हिशोब ३० भागिले ४०, ०.७५. याच गतीने खर्च होत राहिला तर ८० लाखांची टाकी ९६ लाखांना पडणार. काम अर्ध्यावर यायच्या आत १६ लाखांचा खड्डा दिसतो, आणि तेव्हा दिसला तरच सेंटरिंगच्या प्लेटा, मजुरांच्या टोळ्या, काँक्रीटचे दिवस यांत काही फिरवता येतं.

तीनच आकडे लागतात आणि तिन्ही आमच्याकडे असतातच, फक्त वेगवेगळ्या वह्यांत. नियोजन बार चार्टवर, झालेलं काम मोजमाप पुस्तकात, खर्च अकाउंटकडे. उद्यापासून माझ्या साइटचे तिन्ही आकडे मी दर शनिवारी एका कागदावर मांडणार आहे. परीक्षेत यावर किती प्रश्न येतील कोण जाणे, पण मला हे साइटसाठी हवंय.

१८ फेब्रुवारी

क्रिटिकल पाथ, म्हणजे कामांची अशी साखळी की तिच्यातलं एक लांबलं तरी सगळा प्रकल्प लांबतो. ती शोधायची ही पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या रासायनिक कारखान्यांसाठी बसवली गेली. त्याच सुमाराला तिथल्या नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही तशीच वेळापत्रकाची पद्धत काढली. दोन्ही कामं आमच्या गावच्या योजनेपासून कितीतरी दूर, पण गणित तेच. गावात सगळ्यांचं लक्ष टाकीकडे असतं, कारण ती लांबून दिसते. टाकीला थोडा उशीर झाला तरी बहुतेकदा सांभाळून घेता येतो. पंपघराच्या वीजजोडणीचा अर्ज उशिरा गेला, तर मात्र सगळी योजना तेवढीच लांबते.

१० मार्च

आजचा सराव माणसांवरच्या प्रश्नांचा. परीक्षेतले ४२ टक्के प्रश्न माणसांचे, ५० टक्के प्रक्रियेचे, ८ टक्के व्यवसायाच्या परिस्थितीचे. प्रश्नात एक प्रसंग देतात आणि विचारतात, प्रकल्प व्यवस्थापकाने आधी काय करावं? वरिष्ठांना कळवावं, कंत्राट दाखवावं, माणूस बदलावा, असे पर्याय समोर असतात. उत्तर बहुतेक वेळा एकच निघतं: आधी त्या माणसाशी जाऊन बोला, अडचण नीट समजून घ्या, मग पुढचं ठरवा.

वाचताना आमचे मुकादम मामा डोळ्यांसमोर होते. मागच्या वर्षी एका शेतकऱ्याने चारीचं खोदकाम थांबवलं. ऑफिसातून निरोप आला, पोलीस बंदोबस्त मागा. मामा म्हणाले, “ताई, आधी त्यांच्या घरी जाऊन येऊ.” गेलो. ऊस तोडणीला आला होता आणि चारी नेमकी गाडीवाटेतून जात होती. तोड होईपर्यंत तो तुकडा सोडायचा आणि पलीकडच्या वस्तीतली वितरण वाहिनी आधी घ्यायची, असं तिथेच बसून ठरलं. मजुरांची टोळी एक दिवसही रिकामी बसली नाही. प्रकल्पाशी संबंधित माणूस ओळखणं, त्याची गरज समजून घेणं, कामाचा क्रम बदलणं, सगळं त्यात आलं. मामा सातवी शिकलेत. त्यांना जे येतं ते जगभर शिकवण्यासारखं आहे, याचा आज मला फार आनंद झाला.

एक मात्र पटत नाही. या प्रश्नांतल्या व्यवस्थापकाला बदलाचा निर्णय नेमका कुणाकडे न्यायचा ते ठाऊक असतं. आमच्याकडे पाइपचा व्यास बदलायचा तर सल्लागार, ठेकेदार, ग्रामपंचायत, शाखा अभियंता अशी फेरी असते आणि शेवटचा शब्द कुणाचा, हे ठरायलाच वेळ जातो. त्यावर पुस्तकात फार थोडं आहे.

१४ एप्रिल

पुण्याला जाऊन परीक्षा देऊन आले. १८० प्रश्न, २३० मिनिटं. दर ६० प्रश्नांनंतर दहा मिनिटांची सुट्टी, अशा दोन. सुट्टी घेतली की मागच्या प्रश्नांकडे परत जाता येत नाही, म्हणून पहिल्या टप्प्यात जरा सावकाश गेले. निम्म्याच्या आसपास प्रश्न ॲजाइल (काम छोट्या तुकड्यांत करत, सुधारत जाण्याच्या) किंवा मिश्र पद्धतीचे होते. त्यांचा मी सगळ्यांत जास्त अभ्यास केला होता, कारण काँक्रीटच्या कामात स्प्रिंट, म्हणजे ठरावीक छोट्या मुदतीचे टप्पे, कुठून येणार? पण वस्तीवस्तीने नळजोडण्या सुरू करायच्या, लोकांचं ऐकायचं आणि पुढच्या वस्तीत सुधारणा करायची, हे आम्ही करतोच. तो धागा धरला आणि ते प्रश्न सोपे गेले.

पास झाले. माणसं आणि प्रक्रिया दोन्हींत ‘अपेक्षेपेक्षा वर’, व्यवसाय परिस्थितीत ‘अपेक्षेप्रमाणे’. गुण सांगत नाहीत, असे स्तरच देतात. केंद्राबाहेर येऊन पहिला फोन आईला केला, दुसरा मामांना.

२८ एप्रिल

हे प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं. तेवढ्यात ६० तासांचं पुढचं शिक्षण किंवा व्यवसायासाठी दिलेला वेळ दाखवला की नूतनीकरण होतं. त्यातले काही तास इतरांना शिकवूनही मिळतात. आमच्या ऑफिसात डिप्लोमाची अजून तिघं आहेत. पुढच्या रविवारी तिघांनाही घरी बोलावलंय. येताना आपापल्या योजनांच्या तारखा लिहून आणायला सांगितल्यात, आधी प्रत्येकाचे ६० महिने भरतात का ते बघू. एकाचे नक्की भरतात. त्याचा अनुभव मी त्याच दिवशी त्याच्याकडून लिहून घेणार आहे. शनिवारचा तीन आकड्यांचा कागदही त्यांना दाखवायचाय. गेल्या आठवड्यात ऑफिसातून तोच कागद इतर साइट्ससाठी मागून घेतलाय.