भिंगाखाली केरिसची मूठ

जावा बेटावरच्या सोलो शहराच्या जुन्या बाजारातून केरिस, म्हणजे तिथला पारंपरिक खंजीर, घेतला तो मुठीच्या मोहात पडून. जावाशेजारच्या मदुरा बेटाकडच्यासारखी दाट वेलबुट्टी, लोण्यासारखा रंग. हस्तिदंतच, असं मी मनाशी ठरवून टाकलं. खोलीवर येऊन भिंग लावलं तर बारीक काळे ठिपके आणि तुटक रेघा. रक्तवाहिन्यांच्या वाटा त्या. म्हणजे हाड! हस्तिदंताच्या आडव्या छेदावर तिरक्या रेषा एकमेकींना छेदत जातात, तसं जाळं इथे कुठेच नाही. (तापलेली सुई टोचून बघा म्हणणारे भेटतात. कृपा करून टोचू नका, डाग कायमचा राहतो.)

पात्याने मात्र लाज राखली. वळणं नऊ, केरिसमध्ये ती विषमच मोजतात. आणि काळ्या लोखंडावर निकेलच्या थरांची चंदेरी नक्षी, पामोर, पाण्यावरच्या तरंगासारखी.