या वेळी तरी आई जिवंत आहे ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईला लोक जे प्रश्न विचारतात, त्यातला एक माझ्या वाट्याला हमखास येतो. "तुमच्या नायिकांना धड आईबाप का नसतात हो?" खरंच आहे ते. एकीची आई लहानपणीच गेलेली, एकीचा बाप कर्ज करून परागंदा झालेला, एकीचे दोघंही घरात, पण वर्षानुवर्षं एकमेकांशी अबोला. काही वाचक मग जरा जवळ सरकतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "म्हणजे... तुमच्या घरी तसं काही?"

तसं काही नाही. माझी आई ठणठणीत आहे. माझं प्रत्येक हस्तलिखित सगळ्यात आधी तीच वाचते आणि गठ्ठा हातात घेताघेता विचारते, "या वेळी तरी जिवंत ठेवलंयस ना मला?"

आता कबुली. पहिल्या कादंबरीत मी नायिकेला चांगली आई दिली होती. चौकस, हसरी, मुलीची मैत्रीण वगैरे. चौथ्या प्रकरणात नायिकेचा नायकाबद्दल मोठा गैरसमज होतो. पुढची दीडशे पानं त्या गैरसमजावर तोलून धरायची होती. आणि ती पोरगी काय करते? खोलीचं दार लोटून घेते आणि आईला फोन लावते. आई सगळं ऐकून म्हणते, "अगं, मग त्यालाच विचार की." झालं! कादंबरी तिथेच संपली. मी फोनची रेंज घालवून पाहिली. आईला लांबच्या प्रवासाला धाडलं. तिथूनही ती फोन करायचीच, चांगली आई ना! शेवटी एका दुपारी मी तिला दोन ओळींत मारून टाकलं, नायिका सहा वर्षांची असतानाच. संध्याकाळपर्यंत सगळी प्रकरणं सुतासारखी सरळ.

हे पाप माझं एकटीचं नाही, एवढंच समाधान. कालिदासाचं पाहा. शकुंतलेला जन्म देणारे विश्वामित्र आणि मेनका, दोघंही तिला टाकून गेलेले. सांभाळणारे कण्व मायाळू, म्हणजे नाटककाराच्या अडचणीचे. मग दुष्यंत आश्रमात येतो तेव्हा कण्व कुठे असतात? सोमतीर्थाला. आणि कशासाठी, तर लेकीच्या नशिबातलं अरिष्ट टळावं म्हणून! ते परत येईपर्यंत गांधर्वविवाह उरकलेला असतो. मला यात कालिदासाचा मिश्कीलपणा दिसतो, पंडितांना दिसतो की नाही कोण जाणे. पण तो कण्वांना हवं तेवढाच वेळ लांब ठेवतो. चौथ्या अंकात त्यांना परत आणतो आणि पाठवणीचा सगळा प्रसंग त्या म्हाताऱ्याच्या दाटलेल्या गळ्याभोवती उभा करतो. मला ते कुठलं जमायला! मी मारलं ते मारलंच.

इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टेनला तर ही खोड पुरती ठाऊक होती. तिच्या मृत्यूनंतर, १८१७च्या अखेरीस आलेल्या 'नॉर्दॅंगर ॲबी' या कादंबरीच्या सुरुवातीलाच ती सांगते की नायिकेची आई, कुणालाही वाटेल तशी बाळंतपणात न मरता, चांगली जगली आणि तिला पुढे आणखी सहा मुलं झाली. वडीलही मुलींना कोंडून ठेवण्याचा नाद नसलेले. वाचताना मी मोठ्याने हसले होते. गंमत पुढे आहे. एवढी टर उडवून झाल्यावर ऑस्टेनही त्या शहाण्या आईबापांना घरीच ठेवते आणि नायिकेला, म्हणजे कॅथरीनला, बाथ शहरात धाडते ती कुणाच्या सोबतीने, तर जिचं सारं लक्ष स्वतःच्या कपड्यांत, अशा मिसेस ॲलनच्या. शेवटी तिलाही एक बिनकामाचा पालक लागलाच.

बरं, बाप खरोखर समंजस असला तर? महाभारतातली सावित्री आठवा. अश्वपती लेकीला सांगतो, तुझा वर तूच शोध. तिने निवडलेला सत्यवान वर्षभरात मरणार, असं नारद सांगतात. बाप म्हणतो दुसरा बघ, ती ऐकत नाही, आणि तो मान्य करतो. घरातून अडवणारं असं कुणी उरलं नाही की आडवं यायला थेट यमालाच यावं लागतं. मला यम परवडत नाही.

पण वाट मोकळी करणं हे अर्धंच कारण, आणि ते कमी मोलाचं. नायिका नायकाला भेटते त्याच्या कितीतरी आधी प्रेमाबद्दलची तिची समजूत घडून गेलेली असते, आणि ती घडते घरात. ज्या बापाने दर वेळी "पुढच्या रविवारी नक्की" म्हणून शब्द मोडला, त्याच्या मुलीला नायक वेळेवर आला तर आनंद होत नाही, ती बिचकते. याला नक्की हवंय काय? जिची आई कायम आजारपण पुढे करत आली, ती मुलगी प्रेम म्हणजे सेवा असंच धरून चालते. कुणी तिच्यासाठी नुसता पाण्याचा ग्लास आणून ठेवला तरी तिला रडू फुटतं. अशा मुलीसाठी बाहेरून खलनायक आणावा लागत नाही. आणि हा गुंता फोनवर दोन मिनिटांत सुटतही नाही. मेलेली आई मला फक्त मोकळी जागा देते. चुकणारी आई अख्खी नायिका देते.

(तुम्ही न विचारलेलं एक: नायकाला बाप नसला की आम्ही त्याला राग देतो आणि नायिकेला नसला की धाकटी भावंडं आणि कर्जाचे हप्ते. मला हे आवडत नाही, पण हात आपोआप तिकडेच वळतो.)

गेल्या वर्षी मात्र हट्टाला पेटले. नायिकेला दोन्ही पालक द्यायचे, जिवंत, प्रेमळ, एकमेकांवर जीव असलेले. तीन महिने कादंबरी हलेना. मग एकदा सुचलं, या मुलीने घरात भांडण कधी पाहिलेलंच नाही. त्यामुळे नायकाने पहिल्यांदा आवाज चढवला की ती सरळ बॅग भरते. तिच्या हिशेबी ज्यांचं प्रेम असतं ती माणसं भांडत नाहीत. हे मी कुठून आणलं ते सांगायला नको. विशीत मी एक चांगला मुलगा अशाच एका संध्याकाळच्या वादावरून सोडून दिला होता. वाद कशावरून, तेही आता आठवत नाही.

आईने ते प्रकरण वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "पण आम्ही भांडायचो की."

"कधी?"

"तू झोपल्यावर. दार लावून घेऊन. एकदा तर तुझे बाबा चार दिवस बोलले नव्हते माझ्याशी."

मी बघतच राहिले. "मग हे मला इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"